पंजाबरावांची पेटी आणि जोशाची काठी

अमडापुरात एखाद्या माणसाबद्दल एकदा काही ठरलं, की ते पुसायला प्रत्यक्ष ब्रह्मदेवाला अर्ज करावा लागतो, आणि तोही मंजूर होईलच असं नाही. पंजाबराव पेटी वाजवतात, हे असंच ठरून गेलं होतं. आता पंजाबरावांनी उभ्या जन्मात पेटीतून एक सरळ सूर काढला असेल तर शपथ. त्यांना पेटी दुरुस्त करता येत असे, एवढंच. तरुणपणी भजनी मंडळाच्या पेटीला दमा लागला की ते तिचा भाता उकलायचे, चामड्याला ठिगळ लावायचे आणि पुन्हा शिवून द्यायचे. वाजवायला बसले की मात्र मंडळच उठून जायचं.

लढाईच्या दिवसांत ते भरतीला गेले. पुढच्या पोरांनी कोणी पोहता येतं, कोणी नेम धरता येतो असं सांगितलं. पंजाबरावांना खोटं सुचलं नाही. ते म्हणाले, पेटीचा भाता शिवता येतो. आणि गंमत बघा, साहेबाला नेमका तोच माणूस हवा होता. विमानखात्यात एक यंत्र होतं. लाकडाची पेटी, तिला खेळण्यातले वाटावेत असे पंख, आणि ती बसवलेली चामड्याच्या चार भात्यांवर. शिकाऊ वैमानिकानं पेटीत बसायचं, वरून पडद्याचं झाकण ओढून घ्यायचं आणि विमान चालवल्यासारखी काठी चालवायची. भात्यांत हवा खेळे तशी पेटी नाक वर करी, खाली घाली, अंगावर कलंडे. माणूस दिवसभर उडे आणि खोलीच्या बाहेर जात नसे. पडला तरी खुर्चीतच पडे. नाव पंजाबराव, आणि सरकारनं त्यांना धाडलं पंजाबातच. तिथं सतरा-अठरा वर्षं त्यांनी हे भाते शिवले. त्या यंत्राला तिथले झाडून सगळे नोकर पेटीच म्हणायचे.

पहिल्या रजेवर आले तेव्हा मारुतीच्या पारावर लोकांनी विचारलं, काय काम असतं? पंजाबरावांनी खरं ते सांगितलं. "मी पेटीवर असतो. साहेब लोक आत बसतात, पडदा ओढून घेतात, अन् मी बाहेरून हवा भरतो."

यातला शब्द न् शब्द खरा होता, आणि तिथंच सगळा घात झाला. पारावरच्या मंडळींनी डोळे बारीक करून चित्र पाहिलं. पडदा, साहेब, पेटी. मग एकानं आवाज खाली आणून विचारलं, "अन् नाचाले कोण असते?"

त्यानंतर पंजाबराव जितकं समजावत गेले तितका रंग चढत गेला. विमानखात्यात पेटी कशाला असेल, असं एखाद्या शहाण्यानं म्हटलं तर त्यालाही उत्तर तयार असे: साहेबाले करमत नसंल तं? शेजारच्या शालूबाईंनी तर ही बातमी माहेरी, सासरी आणि लेकीच्या सासरी अशी तिन्ही लोकी पोचवली. महाराष्ट्र झाला त्याच साली पंजाबराव पेन्शन घेऊन, पत्र्याची ट्रंक घेऊन परत आले, तेव्हा एस.टी.तून उतरल्या उतरल्या कानावर पडलं, "या पेटीमास्तर."

ते हसले. इतकी वर्षं हसण्यावारीच नेत आले होते. पण पुढच्या साली मंजुळाची सोयरीक निघाली आणि हसू आटलं.

मंजुळा ही त्यांची एकुलती लेक. स्थळ मलकापूरचं, कापसाचे अडते भगवानराव यांचं. घर माळकरी, मुलगा अर्जुन दुकानात बसणारा, शांत. मुलगी पाहून झाली, पसंतही पडली. सुपारी फुटायची तेवढी राहिली होती. इतक्यात भगवानरावांचा एक माणूस सरकी घ्यायला अमडापूरच्या बाजारात आला. त्यानं भजी खाल्ली, आणि भज्यांबरोबर इथे जे मिळतं तेही घेऊन गेला. आठ दिवसांत निरोप आला: मुलगी चांगली आहे, पण व्याही पेटीवाले आहेत असं ऐकतो. समक्ष येऊन पाहतो, मग काय ते बोलू.

सकाळी दळताना मंजुळा गुणगुणायची, ते बंद झालं. नुसतं जातं फिरत राहिलं. पंजाबरावांना अंथरुणात पडल्या पडल्या ते ऐकवेना. इतकी वर्षं आपण दुसऱ्यांच्या पोरांना पडू दिलं नाही, आणि आता आपलीच पोर आपल्या एका शब्दापायी पडणार, हे त्यांच्या जिवाला लागलं. ते म्हणाले, मी मलकापूरला जातो, समजावून सांगतो.

"नोका सांगू," गीताबाई म्हणाल्या. चुलीकडून मानही न वळवता म्हणाल्या. "तुमी सांगतलं का बिघडते. आता काही असंल तं दाखवा."

नवऱ्याला सरळ वाटेला लावायला गीताबाईंना जास्त शब्द कधीच लागले नाहीत. पंजाबराव उठले आणि गोठ्यात गेले.

गोठ्यातल्या गाईला अंगणात बिऱ्हाड मिळालं. गावात इंजनं आल्यापासून विहिरीवरची मोट आढ्याला लटकत वाळत होती. तिचं चामडं तेल पाजून मऊ केलं आणि त्यातून चार भाते शिवले. त्यांच्यावर फळ्यांची पेटी. लोखंडाचं काम बद्रुद्दीन मिस्त्रीकडे. बद्रुद्दीन हा गावचा लोहार, पंजाबरावांचा लहानपणचा सोबती, आणि पेटीबद्दल खरं काय ते मानणारा एकटाच माणूस; तेही, भात्याची नळी कुठं बसते हे त्यानं विचारलं आणि पंजाबरावांनी बरोबर सांगितलं म्हणून. हवा भरायला बद्रुद्दीननं आपल्या भट्टीचाच भाता आणून लावला. यंत्र साधं होतं. मधली काठी पुढं लोटली की पेटीचं नाक खाली, मागं ओढली की वर, जिकडं कलवावी तिकडं पेटी झुकते.

सगळं जमलं आणि अडलं ते त्या काठीपाशी.

विमानाची काठी बोटांनी धरायची असते. तव्यावरची पोळी चिमटीनं उलटवावी, तशी. मुठीत आवळली की घोटाळा. पण हे लोकांना सांगायचं कसं? पंजाबरावांनी आधी वखराचं जुनं रुमणं, म्हणजे हातात धरायचा दांडा, कापून बसवलं. हाताला ओळखीचं, गुळगुळीत. थोरले भाऊ कडूबा बसले. कडूबांनी जन्मभर वखर हाकला होता. रुमणं हाती येताच त्यांनी सवयीनं त्यावर अंगाचा भार दिला, तोंडानं बैलांना हाक घातली, आणि पेटी नाकावर आपटली. पंजाबराव त्यांना उचलायला धावले तर ते म्हणाले, जमीन अजून ओली आहे, वापशावर आली नाही.

मग जात्याचा खुंटा काढून लावला. गीताबाई दळण अडलं म्हणून फणफणत आल्या, आणि आल्यासारखं त्यांनी बसूनही पाहिलं. खुंटा हाती येताच हात गरगर फिरायला लागला. पेटी अशी घुसळली की गीताबाई पदर तोंडाशी धरून उतरल्या. दोन पावलं चालून खांबाला टेकल्या आणि म्हणाल्या, "पाहा बरं खाली, पीठ पडलं का?"

तिसरी काठी बद्रुद्दीननं चिखलीहून आणली. मोडीत निघालेल्या एका बसचा गिअरचा दांडा. तो स्वतःच बसला. त्यानं पहिला गिअर टाकला, दुसरा टाकला, घाट लागला म्हणून पुन्हा पहिला टाकला. प्रत्येक हिसक्याला भाता कण्हायचा. शेवटी एकाची शिवण उसवली आणि बद्रुद्दीनची गाडी एका अंगावर बसली.

पंजाबराव कपाळाला हात लावून गव्हाणीवर बसले. लोक काठी धरत नव्हते, आपापला धंदा धरत होते. आणि भगवानराव तर चार दिवसांवर आले. ते बसणार, मुठीत आवळणार, तोंडावर आपटणार. मुलीच्या बापानं होणाऱ्या व्याह्याला गोठ्यात पाडलं म्हटल्यावर पेटीची बदनामी परवडली.

"असली काठीले काय म्हनते तुमच्यात?" बद्रुद्दीननं गुडघा चोळत विचारलं.

"जॉयस्टिक."

"म्हंजे?"

पंजाबरावांनी अर्थ सांगितला. जॉय म्हणजे आनंद, स्टिक म्हणजे काठी. "आनंदाची काठी?" गीताबाई म्हणाल्या. "आपल्या घरात तं काठी पाह्यली का बैलबी दाव्याले हिसका देते."

तिघं हसले. पण कुंपणापलीकडे शालूबाई गोवऱ्या थापत होत्या, आणि हसणाऱ्या घराकडे कान न देणं हे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्यांना 'जॉयस' आणि 'काठी' एवढंच ऐकू आलं. उरलेलं त्यांनी घरचं घातलं. दिवस मावळायच्या आत गावभर झालं, की पंजाबरावले जोशाची काठी पाहिजे. लेकीच्या सोयरिकीत ग्रह आडवे आले आहेत, म्हणून जोशाची काठी गोठ्यात पुरायची आहे. ती नुसती पुरायची की तिच्यावर पाणीही घालायचं, एवढ्याच मुद्द्यावर मतभेद होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावचे ज्योतिषी नारायणराव जोशी स्वतः दारात उभे. धोतर, उपरणं, आणि हातात त्यांची ती वेताची काठी, डोक्याला चांदीचं बोंड. काशीहून आणलेली. गावातल्या कुत्र्यांनाही तिचा मान माहीत होता. अलीकडे गावात लोक कुंडल्यांपेक्षा मुलाचा पगार जास्त पाहत होते, त्यामुळं आपल्या काठीची कोणाला गरज पडली हे ऐकून नारायणरावांना भरून आलं होतं.

"मागायला संकोच वाटला असेल," ते म्हणाले. "म्हणून मीच आणली. मुलीच्या कामाला आहे, नाही कसं म्हणू?"

पंजाबरावांनी तोंड उघडलं. पण आपण समजावलं की बिघडतं, हे आता त्यांना पाठ झालं होतं. त्यांनी तोंड मिटलं आणि काठी दोन्ही हातांनी घेतली.

"एक मात्र करा," नारायणराव जाता जाता म्हणाले, "ही सोवळ्यातली आहे. कामाला लावली की उघडी ठेवू नका. वरून धुतलेलं वस्त्र असू द्या."

खाली मोटेचं चामडं आहे हे कोणी विचारलं नाही, म्हणून कोणी सांगितलंही नाही.

काठी खोबणीत घातली आणि बद्रुद्दीननं ती बोटानं हलवून पाहिली. जशी काही मापानं बनवलेली. हलकी, लवचीक, बोटभर सरकली की पेटी बोटभर हलायची. दुःख एवढंच होतं, की शब्द दिल्याप्रमाणं वर धुतलेलं उपरणं टाकावं लागलं. पंजाबराव लांबून पाहत राहिले. एवढं करून पुन्हा पडदाच आला नशिबी, असं त्यांना वाटलं.

भगवानराव ठरल्या दिवशी मलकापूरहून बुलढाणा, बुलढाण्याहून चिखली करत आले. एकटेच आले. शालूबाईंनी कुंपणापाशी निकाल देऊन टाकला: जोडाले माणसं घेऊन येतात, मोडाले एकटा येते. हे पंजाबरावांच्या कानावर पडलं, तरी ते पाण्याचा तांब्या घेऊन सामोरे गेले.

पाहुणे उंच, फेटा घट्ट, तोंड मिटलेलं. चहा झाला. पाऊसपाणी झालं. मग भगवानराव म्हणाले, "पेटी कुठं हाय?"

पंजाबराव त्यांना गोठ्यात घेऊन गेले. भगवानरावांनी कोनाड्यात पाहिलं, खुंटीवर पाहिलं, पेंढीमागं पाहिलं. मग त्यांची नजर त्या पंख लावलेल्या फळ्यांवर आली.

"हे?"

"हेच. याच्यात बसूनच समजते. सांगून नाही समजत."

भगवानरावांनी जोडे काढले आणि आत बसले. बद्रुद्दीन हवा भरू लागला. चारही भाते फुगले, पेटी जमिनीवरून उचलली गेली आणि हलकी होऊन डुलू लागली. पंजाबराव काठी कशी धरायची ते सांगणार, इतक्यात भगवानरावांचा हात आपणहून उपरण्याखाली गेला.

मलकापूरच्या जुन्या अडत्यांची एक रीत होती. भाव तोंडानं बोलायचा नाही. दोघांनी रुमालाखाली हात घालायचे, बोटांनी बोटं दाबायची, आणि भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कोणाला काही कळू द्यायचं नाही. कायद्यानं ही रीत केव्हाच बंद केली होती, पण हाताला कायदा कोण शिकवणार? भगवानरावांचं अर्धं आयुष्य रुमालाखाली गेलं होतं. कापड दिसताच त्यांची मूठ सुटली. बोटं हलकी झाली, सावध झाली, जणू पलीकडे कोणी मुरलेला व्यापारी बसला आहे आणि त्याला आपल्या मनातलं कळता कामा नये. काठी इतक्या हळू सरकली की पेटीनं नाक वर केलं तेही अदबीनं. डावीकडं झुकली. उजवीकडं झुकली. सरळ झाली. साहेबांच्या पोरांना जे महिनोन्महिने जमत नसे ते मलकापूरच्या अडत्याला बसल्या बसल्या जमलं.

"अस्सं," भगवानराव म्हणाले. एवढंच. पण फेट्याखालचा चेहरा सैल झाला होता.

मग मात्र त्यांना चढाची हाव सुटली. काठी मागं, आणखी मागं. पेटी नाकानं आढ्याकडं निघाली. पंजाबराव धावले आणि काठी सावरायला त्यांनीही उपरण्याखाली हात घातला. काठी सरळ झाली. पण हात बाहेर काढायच्या आत भगवानरावांनी त्यांचं एक बोट धरलं आणि दाबलं. पाहुण्यानं प्रेमानं बोट दाबलं, असं समजून पंजाबरावांनीही मागून दाबलं. भगवानरावांनी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं आणि मान डोलावली. मग पंजाबरावांनी हवा सोडायला सांगितली, पेटी खाली बसली आणि पाहुणे हात धुवायला गेले.

बद्रुद्दीननं पंजाबरावांना भिंतीकडं ओढलं. त्याच्या बाजूनं उपरणं सरकलं होतं, आणि त्यानं सगळं पाहिलं होतं.

"काय केलं हे, भाऊ? त्यानं बोट दाबलं, तुमी बोट दाबलं?"

"मंग?"

"मंग काय मंग. रुमालाखाली उलटून दाबलं का सौदा झाला. आता फिरता येत नाही. एक बोट दाबलं त्यानं. एक काय, ते त्यालेच माहीत."

पंजाबराव मनातल्या मनात मोजायला लागले. एक म्हणजे काय? त्यांच्याकडं एक म्हणावं असं नाल्याकाठचं वावर होतं, एक गाय होती, एक लेक होती. की एकच शब्द, नाही म्हणून? इतक्या वर्षांत एक शब्द चुकीचा कळला म्हणून एवढं रामायण झालं, आणि आता तर शब्दही नव्हता.

पानं वाढली. पुरणाची पोळी, कढी, भजी. भगवानराव नीट जेवत होते. पंजाबरावांनी पहिलाच घास तोंडात घातला आणि ते चावायचं विसरले. ते पाहुण्याच्या बोटांकडं पाहत राहिले. बोटं पोळी मोडत होती. दारामागं मंजुळाच्या बांगड्या एकदा वाजल्या आणि थांबल्या.

"कढी झकास झाली," भगवानराव म्हणाले. "अजून थोडी वाढा, विहीणबाई."

गीताबाईंचा पळा वाटीवर थांबला. त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं. नवऱ्याचं लक्षच नव्हतं. तो पाहुण्याच्या बोटावर खिळला होता. गीताबाईंनी कढी वाढली, थोडीशी पानावर सांडली, आणि पदरानं डोळे पुसले.

पंजाबरावांना राहवेना. ते म्हणाले, "पाहुणे, माफ करा. मले ते अडतीतलं काही समजत नाही. तुमी आतमधी माझं एक बोट दाबलं, मी हो म्हटलं. पण कशाले म्हटलं?"

भगवानरावांचा हात वाटीतच राहिला. मग त्यांचे खांदे हलू लागले. हे मिटल्या तोंडाचं हसणं होतं, आतल्या आत उकळणारं.

"एक चक्कर अजून द्या, असं म्हणत होतो," ते म्हणाले. "तुमी हो म्हटलं अन् उतरवून देलं. मी म्हटलं, जेवण झाल्यावर देत असतील."

"अन् पेटीचं?"

"पेटीचं काय? माझा चुलतभाऊ होता तमाशाच्या फडात पेटीले. त्याची बोटं हातात धरली तरी गप नाही बसायची, माशासारखी वळवळत. तुमचं बोट दाबलं तं चामड्याच्या आरीचा घट्टा लागला, जोड्याच्या टाचेसारखा. म्हटलं, हे बोट सुरावर कधी गेलंच नाही. चामडं शिवलं असंल तं शिवलं. विमानाचं शिवलं ना?" आणि मग गीताबाईंकडं वळून, "आता माणसं घेऊन येतो, विहीणबाई. सुपारी आपल्याच घरी फोडू."

या वेळी ते नातं पंजाबरावांच्या कानात शिरलं. त्यांनी तोंडातला घास गिळला. तो आधीपासून तोंडातच होता. आपण बोललो की बिघडतं, याची त्यांना अजून धास्ती होती. म्हणून त्यांनी नुसतं दाराकडं पाहिलं. बांगड्या आत चुलीकडं पळाल्या होत्या.

जेवणानंतर व्याह्यांना चक्कर मिळाली. एक नाही, उन्हं कलेपर्यंत मिळतच राहिली. हवा भरायला बद्रुद्दीनला बाजूला सारून पंजाबराव स्वतः उभे राहिले, आणि आनंदाच्या भरात इतकी भरली की आतून भगवानराव ओरडले, "हळू व्याही, लग्नापर्यंत तं राहू द्या मले." कुंपणाशी शालूबाई शेजारणीला सांगत होत्या, की मलकापूरचा पाहुणा जोशाच्या काठीनंच वश झाला, मी तं आधीच म्हटलं होतं.

पाहुणे शेवटच्या एस.टी.नं गेले. नारायणरावांची काठी वस्त्रासकट परत पोचली. मग पंजाबराव चुलीपाशी येऊन बसले आणि म्हणाले, भूक लागली. गीताबाईंनी पोळी वाढली. मग दुसरी वाढली. मग वाढणं सोडून त्यांनी डबाच पुढं सरकवला आणि हनुवटीला हात लावून पाहत बसल्या.

"खा सावकाश," त्या म्हणाल्या. "पण आज त्या पेटीत बसू नोका. भाते फाटतीन."

पंजाबराव तोंडात पोळी असतानाच हसले, आणि मंजुळानं पाण्याचा तांब्या पुढं केला.